जीपला ताप येतो तेव्हा

मुलांनो, तुम्हाला ताप आला की आई काय करते? कपाळावर हात ठेवते, थर्मामीटर लावते, मग डॉक्टरांकडे नेते. डॉक्टर काय करतात? घसा बघतात, छाती तपासतात, "पोट दुखतं का? सर्दी आहे का?" असं विचारतात. कारण ताप हा मूळ आजार नसतोच. ती आजाराची निशाणी असते. आजार कुठे लपलाय ते शोधावं लागतं.

गाडीचंही अगदी असंच असतं, बरं का! आणि हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. हे शिकवलं एका जुन्या जीपने, काशिदच्या अलीकडच्या चढावर आणि तेही ऐन परीक्षेच्या दिवशी.

परीक्षेची सकाळ

आमची शाळा रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीवर होती. तिथवर एस.टी. येत नसे. शेवटची वाट लाल मातीची, दगडगोट्यांची. मध्ये एक पऱ्ह्या आडवा. पावसाळ्यात तो भरला की फक्त एकच गाडी पलीकडे जायची, ती म्हणजे मामांची जुनी जीप. मामा म्हणजे जीपवाले मामा. सगळी वाडी त्यांना मामाच म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे.

काही वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला माझी सात मुलं बसली होती. केंद्र मुरूडला. अकराला पहिला पेपर. सात जणांची दप्तरं, डबे, पाण्याच्या बाटल्या, शिवाय मी, असे सगळे आम्ही साडेसातलाच जीपमध्ये कोंबून बसलो. निघताना एक मुलगा जीपखाली वाकून काहीतरी बघत होता.

"बाई, खाली पानी गलतंय," तो म्हणाला.

"चल रे, आधी बस बघू. उशीर होतोय," मी म्हटलं.

हे वाक्य लक्षात ठेवा हं. मला त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

कोर्लई मागे पडलं, बोर्ली मागे पडली. चढ सुरू झाला. मामांनी गिअर खाली घेतला. जीप घरघरत चढू लागली. मी मामांच्या शेजारीच बसले होते. समोर तापमान दाखवणारा एक गोल घड्याळासारखा काटा होता. तो हळूहळू उजवीकडे सरकू लागला. मामा एकदा रस्त्याकडे बघत, एकदा काट्याकडे. कसला तरी गोडसर, उकळल्यासारखा वास येऊ लागला. आणि मग एकाएकी तो काटा खाली आला.

"बघा मामा, उतरला ताप!" मी आनंदाने म्हटलं.

मामांचा चेहरा मात्र पडला. त्यांनी जीप लगेच रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली घेतली, इंजीन बंद केलं आणि म्हणाले, "बाई, काटा वर होता तोवर बरं होतं. आता खरी भीती."

काटा खोटं का बोलला?

हे कोडं सोडवायचं तर आधी इंजिनात डोकवायला हवं. आपण मनातल्या मनात डोकवू या.

इंजिनात डिझेल जळतं. जळताना तिथल्या वायूचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. ॲल्युमिनियम तर ६६० अंशालाच वितळतं! मग इंजीन वितळत कसं नाही? कारण त्याच्या भिंती आतून पोकळ असतात आणि त्या पोकळीतून पाणी सतत खेळत असतं. डिझेल जळून जी उष्णता तयार होते, तिच्यातला ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाकं फिरवायला कामी येतो. दुसरा तृतीयांश धुराबरोबर बाहेर जातो. उरलेल्यातला मोठा वाटा या पाण्याला वाहून न्यावा लागतो.

पाणीच का? कारण पाणी सहजासहजी तापत नाही. एक किलो लोखंड एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे नऊपट उष्णता एक किलो पाण्याला लागते. म्हणजे पाणी पुष्कळ उष्णता पोटात घेतं, तरी स्वतः फारसं तापत नाही. भूगोलाच्या तासाला आठवतंय ना? समुद्र उशिरा तापतो, उशिरा निवतो. म्हणूनच अलिबाग-मुरूडकडे पुण्या-नाशिकसारखी बोचरी थंडी पडत नाही. जी करामत समुद्र आपल्या किनाऱ्यावर करतो, तीच आठ-दहा लिटर पाणी जीपच्या पोटात करतं.

या पाण्याचा प्रवास असा. एक छोटा पंप ते इंजिनाच्या भिंतींमध्ये ढकलतो. तिथे ते उष्णता घेतं. मग वाटेत एक दारवान भेटतो, थर्मोस्टॅट. त्याच्या पोटात मेण असतं. पाणी साधारण ८० अंशांच्या पुढे तापलं की मेण वितळतं, फुगतं आणि दार उघडतं. मग तापलेलं पाणी रबरी होज पाइपमधून पुढच्या रेडिएटरमध्ये जातं. रेडिएटर म्हणजे बारीक नळ्यांची आणि पातळ पत्र्यांची जाळी. समोरून वारा लागतो, मागून पंखा हवा ओढतो, पाणी निवतं आणि खालच्या पाइपातून पुन्हा पंपाकडे जातं. गाडी चालू आहे तोवर हा प्रवास अखंड चालू.

आता तो काटा. त्याला खबर देणारा एक छोटा तुकडा इंजिनातल्या पाण्यात बुडालेला असतो. आमच्या जीपचं पाणी गळून इतकं कमी झालं होतं, की तो तुकडा उघडा पडला. पाण्याला टेकलेलाच नाही, तर तो पाण्याची खबर देणार कुठून? मोरीतल्या बंबाचं पाणी किती तापलं ते बघायला थर्मामीटर पाण्याबाहेर धरला तर कसं होईल? तसंच झालं. इंजीन भाजून निघत होतं आणि काटा सांगत होता, "सगळं ठीक आहे."

झाकणाला हात लावू नका!

मामांनी बॉनेट उघडलं. भस्सकन वाफ वर आली. माझ्या मनात एकच विचार, पाणी कमी झालंय ना, मग पाणी ओता! मी रुमाल हातात घेतला, बाटली उचलली आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला.

"बाई, मागे व्हा! झाकणाला हात लावू नका!" मामा इतक्या जोरात ओरडले की मी दोन पावलं मागेच गेले.

मुलांनो, मामा ओरडले नसते तर माझा हात आणि चेहरा भाजला असता. कारण ते झाकण साधं नसतं. ते असतं प्रेशर कुकरच्या झाकणासारखं. समुद्राच्या पातळीवर उघड्या भांड्यात पाणी १०० अंशाला उकळतं. पण कोंडून दाब वाढवला की ते १०० च्या पुढेही उकळत नाही. घरच्या कुकरमध्ये ते १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून तर डाळ लवकर शिजते. रेडिएटरचं झाकणही असाच दाब राखतं. आता तापलेल्या रेडिएटरचं झाकण एकदम उघडलं तर? दाब क्षणात जातो आणि १०० च्या वर तापलेलं पाणी तिथल्या तिथे उसळतं. एका लिटर पाण्याची वाफ झाली तर ती सुमारे सतराशे लिटर जागा व्यापते! ती वाफ आणि ते उकळतं पाणी जाणार कुठे? सरळ उघडणाऱ्याच्या तोंडावर.

म्हणून पहिला नियम. गाडी तापली की बाजूला घ्यायची, इंजीन बंद करायचं आणि थांबायचं. अर्धा-पाऊण तास तरी. वरचा पाइप हाताला गार लागेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. आणि हे काम मोठ्यांचं. मुलांनी लांब उभं राहायचं.

एक मुलगी म्हणाली, "मामा, वरून इंजिनावर पाणी ओतलं तर लवकर गार होईल ना?" मामा हसले. "काचेच्या पेल्यात गरम चहा ओतलास, तर तो तडकतो ना? हे लोखंड तसंच तडकेल." अचानक एका बाजूने गार पडलं की धातू तिथेच आकसतो, बाकीचा फुगलेलाच असतो आणि त्या ओढाताणीत तडा जातो. म्हणून दुसरा नियम, भाजलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात एकदम गार पाणी ओतायचं नाही.

घड्याळात सव्वाआठ झाले होते. मुलं झाडाखाली तोंडी गणितं घालत बसली. खरं सांगू? गणितात फक्त त्यांचं लक्ष होतं, माझं नव्हतं. वर्षभर ज्यांनी जादा तास केले, ती सात पोरं आणि मुरूड अजून लांब.

गळती सापडली

नऊच्या सुमाराला इंजीन निवलं. मामांनी जाड फडकं घेऊन झाकण आधी थोडंसं फिरवलं, उरलीसुरली हवा सुसकारा टाकून गेली, मग पूर्ण काढलं. आत बघितलं तर पाणी दिसेनाच. मग त्यांनी बोटाने पाइप चाचपायला सुरुवात केली. वरचा पाइप जिथे रेडिएटरला बसतो, तिथेच क्लिपखाली बोटभर चीर होती. चिरेभोवती तांबूस-पांढरा डाग वाळून बसला होता. म्हणजे ती गळती आजची नव्हतीच!

मामांनी क्लिप सैल केली, पाइपाचं फाटलेलं टोक चाकूने कापून टाकलं, उरलेला चांगला भाग पुन्हा ओढून बसवला आणि स्क्रू ड्रायव्हरने क्लिप आवळली. जवळच्या माडांच्या वाडीतून एका आजींनी दोन कळश्या पाणी दिलं. मामांनी आधी ते चाखून पाहिलं! किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचं पाणी मचूळ असतं ना, म्हणून. मग हळूहळू पाणी भरलं, इंजीन चालू केलं, आत अडकलेल्या हवेचे बुडबुडे निघून जाऊ दिले, पुन्हा थोडं पाणी घातलं आणि झाकण लावलं. साडेदहाला आम्ही केंद्राच्या दारात होतो. सातही जणांनी पेपर दिला.

गाडीचे डॉक्टर व्हा

परतीच्या वाटेवर मामांनी मला सगळं समजावून सांगितलं. ज्यांच्या घरी जुनी जीप, टेम्पो किंवा ट्रॅक्टर आहे, त्यांनी हे घरच्या मोठ्यांना जरूर वाचून दाखवा.

गळती शोधायची तर सकाळी, गाडी गार असताना खाली जुना पुठ्ठा सरकवून ठेवायचा. थेंब कुठे पडतो त्यावरून वरची जागा कळते. अगदी पुढे पडला तर संशय रेडिएटरवर. जरा मागे, पंख्याच्या खाली पडला तर पंपावर. पंपाला खालच्या बाजूला एक बारीक भोक मुद्दामच ठेवलेलं असतं. तिथून पाणी ठिबकलं तर समजायचं, आतलं सील झिजलंय, पंप बदलायची वेळ आली. थेंबाचा रंगही बोलतो. काळा चिकट थेंब तेलाचा. हिरवा किंवा तांबडा, बुळबुळीत, गोडसर वासाचा थेंब कूलंटचा.

गार असतानाच होज पाइप दाबून पाहायचे. फार कडक होऊन भेगाळलेले किंवा फुगून पिळपिळीत झालेले पाइप फुटायची वाट न बघता बदलायचे. झाकणाचं रबर तपासायचं. ते झिजलं की दाब राहत नाही आणि पाणी लवकर उकळतं.

डोळ्यांनी गळती सापडली नाही तर मेकॅनिक रेडिएटरमध्ये हातपंपाने हवा भरून बघतो. रेडिएटरवाला तर तो काढून पाण्याच्या टाकीत बुडवतो. जिथून बुडबुडे येतील तिथे भोक! सायकलचं पंक्चर घमेल्यात असंच शोधतात, नाही का? जुन्या जीपचे पितळी-तांब्याचे रेडिएटर मग डाग देऊन दुरुस्त करता येतात.

कधी कधी गळती बाहेर दिसतच नाही. पाणी इंजिनाच्या आतच झिरपतं. तेव्हा इंजीन ऑइल दुधाच्या चहासारखं दिसू लागतं किंवा मागून सतत पांढरा धूर येतो. असं झालं की गाडी हलवायची नाही, थेट मेकॅनिकला बोलवायचं.

आणि गळती नसतानाही गाडी तापली तर? पंख्याचा पट्टा सैल असेल, थर्मोस्टॅटचं दार अडकलं असेल किंवा रेडिएटरची जाळी चिखलाने, गवताच्या बियांनी बुजली असेल. कच्च्या वाटेवरच्या गाड्यांना हे नेहमीचंच. जाळी पाण्याच्या हलक्या धारेने आतून बाहेर धुवायची. जोराची धार मारली तर पातळ पत्रे मुडपतात. आपल्या किनाऱ्यावर तर खारा वाराही त्या पत्र्यांना खातो.

आतला आणखी एक शत्रू म्हणजे क्षार. बंबाच्या आत पांढरा थर साचलेला पाहिलाय ना? विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं घालत राहिलं तर तसाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतो. म्हणून आजीबाईंचं पाणी वेळेपुरतं. पुढच्याच दिवशी मामांनी ते काढून टाकलं आणि डिस्टिल्ड वॉटर मिसळलेलं कूलंट भरलं. कूलंटमुळे गंज धरत नाही आणि पाणी उकळायलाही जास्त तापावं लागतं. पण सावधान! बऱ्याच कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि पोटात गेलं तर जीवघेणं विष. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि दगावतात. ते सरबताच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. सांडलं तर लगेच पुसून जागा धुऊन काढावी.

मामांनी जुन्या ड्रायव्हरांची एक युक्तीही सांगितली. बारीक गळती असली की रेडिएटरमध्ये हळद टाकायची! ती भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते. खरंच थांबते, पण घरी पोचेपर्यंतच. तीच हळद पुढे बारीक नळ्याही बुजवते. काही जण गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून फेकतात. मग इंजीन नेहमी थंडच राहतं, तेल नीट काम करत नाही आणि आतले भाग लवकर झिजतात. दारवान झोपतो म्हणून दारच उखडून टाकण्यासारखं झालं हे!

म्हातारी झाली तरी

तुम्ही म्हणाल, एवढी खटपट कशाला, नवी गाडी घ्यावी! पण या जुन्या जीपांची गोष्टच वेगळी. जीप जन्मली ती दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत सहा लाखांहून जास्त जीप तयार झाल्या. युद्ध संपलं आणि १९४५ मध्ये आपल्याकडे महिंद्र बंधूंनी आपली कंपनी काढली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला सुट्या भागांतून विलीज जीप जोडल्या जाऊ लागल्या. आज तुम्ही रस्त्यावर जी थार बघता, ती त्याच कुळातली. साध्या पान्याने आणि स्क्रू ड्रायव्हरने, रस्त्याच्या कडेला दुरुस्त होणारी गाडी, म्हणून कोकणातल्या वाड्या-वस्त्यांनी जुन्या जीपला जीव लावला. बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी तीच, लग्नाचं वऱ्हाड नेणारी तीच आणि आमच्या सात पोरांना परीक्षेला नेणारीही तीच.

आणि ते वाक्य?

आता सकाळचं ते वाक्य आठवा. "बाई, खाली पानी गलतंय." केंद्रावर मुलं पेपर लिहीत होती, तेव्हा मामा मला म्हणाले, "चुकलं माझंच. महिनाभर रोज सकाळी तांब्याभर पाणी कमी व्हायचं आणि मी रोज तांब्याभर ओतायचो. ते जातंय कुठे, ते बघायला हवं होतं."

मी गप्प बसले. कारण ते जातंय कुठे, हे एकाने बघितलं होतं. दहा वर्षांच्या एका मुलाने. आणि त्याचं बोलणं मी "चल, उशीर होतोय" म्हणून तोडलं होतं. दोन मिनिटं वाकून बघितलं असतं तर वाटेतले ते दोन तास वाचले असते. पेपर संपल्यावर मी त्याला जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "तू बरोबर बघितलं होतंस. चूक बाईंची होती." तो लाजला आणि लगेच विचारलं, "मग बाई, आता मी पुढे बसू?" परतताना मामांच्या शेजारची, काट्यासमोरची जागा त्याला मिळाली. सबंध वाट तो काट्यावर डोळा ठेवून होता!

आईबाबांनो, तुमचं मूल घाईच्या वेळी असं काही सांगू लागलं, तर एकदा वाकून बघा.

करून पाहा

(हा प्रयोग मोठ्या माणसाला सोबत घेऊनच करा.) जाड कागदाची चौकोनी वाटी दुमडून तयार करा. तिच्यात निम्म्यापर्यंत पाणी भरा. चिमट्याने धरून ती मेणबत्तीच्या ज्योतीवर, पाणी असलेला तळच ज्योतीला लागेल अशी धरा. कागद पेटतो का? पाणी तापतं, पण तळ जळत नाही, कारण पाणी त्याची उष्णता ओढून घेतं. आता विचार करा. वाटीला एक भोक पडलं आणि सगळं पाणी गळून गेलं, तर त्या कागदाचं काय होईल?

उत्तर सापडलं? काशिदच्या चढावर आमच्या जीपचं तेच होणार होतं.